उतरत्या बोलीचा बाजार

लिलाव म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें चढती बोली उभी राहते. माणसें जमतात, कोणी शंभर म्हणतो, कोणी सव्वाशें म्हणतो, "एक वार, दोन वार, तीन वार" असा पुकारा होतो आणि सर्वांत उंच बोली करणाऱ्याच्या पदरांत वस्तु पडते. लिलाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांच्या ‘लैलांव’ या शब्दाचें तें मराठी रूप होय. इंग्रजींतील ‘ऑक्शन’ या शब्दाचें मूळ तर लॅटिन भाषेंतील ‘वाढविणें’ या अर्थाच्या धातूंत आहे. चढत जाणें हाच ज्याचा धर्म, त्याला ‘उलटा’ हें विशेषण लागावें ही शब्दांतच विसंगति दिसते. तथापि इंटरनेटच्या द्वारें घरबसल्या खरेदी होऊं लागल्यापासून हा उलटा लिलाव ग्राहकांपुढें अनेक रूपांनीं येऊन उभा राहिला आहे. कोठें घटकेघटकेला किंमत आपोआप उतरते. कोठें ग्राहकानेंच आपली किंमत सांगावयाची असते. कोठें सर्वांत लहान आंकडा सांगणारास वस्तु मिळते. येथें भाव वर जात नाहीं, खालीं येतो, असें आश्वासन या सर्व प्रकारांत दिलेलें असतें. तें कोठें खरें ठरलें, कोठें पोकळ ठरलें आणि तसें कां झालें, याचें उत्तर त्याच्या इतिहासांत सांपडतें.

उतरत्या बोलीचा सर्वांत प्रसिद्ध बाजार हॉलंड देशांत भरला. त्या देशाच्या उत्तर भागांत ब्रूक ऑप लांगेडाइक नांवाचें गांव आहे. गांवाभोंवतीं शेतांचीं लहान लहान बेटें आणि त्यांच्यामधून वाहणारे पाण्याचे पाट. त्यामुळें तेथील शेतकऱ्याची गाडी म्हणजे होडी. कोबी होडींत भरावी आणि जो व्यापारी भेटेल त्याच्याशीं घासाघीस करावी, अशी पूर्वीची रीत होती. शेजाऱ्याला काय भाव मिळाला हें शेतकऱ्याला कळत नसे, व्यापाऱ्याला मात्र तें ठाऊक असे. आणि भाजी तर कोणासाठीं थांबत नाहीं. १८८७ सालच्या जुलै महिन्यांत या गांवीं होडींतील फुलकोबी प्रथमच जाहीर लिलावानें विकली गेली, आणि तेथून रीत पालटली. पुढें पाण्यावरच लिलावाची इमारत उभी राहिली. भरलेल्या होड्या एका दारानें आंत येत, व्यापाऱ्यांच्या बाकांसमोरून जात आणि विकला गेलेला माल घेऊन दुसऱ्या दारानें बाहेर पडत. १९७३ सालीं हा बाजार बंद झाला. आज ती इमारत संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे.

हॉलंडमधील या लिलावाची तऱ्हा आपल्या लिलावाच्या अगदीं उलट. पुकारणारा प्रथम कोणालाहि परवडणार नाहीं एवढी उंच किंमत बोले आणि मग पायरी पायरीनें खालीं उतरे. ज्या व्यापाऱ्याला ती पटली तो ‘माझें’ अशा अर्थाचा डच शब्द ओरडे; तो पहिला शब्द हाच शेवटचा. पुढें पुकारणाऱ्याची जागा एका मोठ्या घड्याळानें घेतली. त्याचा कांटा वेळ दाखवीत नसे, भाव दाखवी. कांटा वरून सुटला कीं उतरूं लागे. व्यापाऱ्यानें आपल्या बाकावरील कळ दाबली कीं जागच्या जागीं थांबे. किमान ठरलेल्या भावाच्याहि खालीं कांटा गेला तर माल मागें घेतला जाई. एकाच बोलीनें सौदा पुरा होत असल्यामुळें सकाळच्या थोड्या तासांत ढीगच्या ढीग माल विकला जाई, आणि नाशवंत मालाच्या धन्याला याहून मोठें वरदान कोणतें असणार? आल्समेर या गांवीं १९११-१२ च्या सुमारास फुलांचे लिलाव याच पद्धतीनें सुरू झाले. आज तेथील व्यापारी दूर आपापल्या पेढीवर बसून संगणकाच्या पडद्यावर तें घड्याळ पाहतात. पण कांटा उतरण्याचा आणि कळ दाबण्याचा खेळ तोच आहे.

या खेळांत व्यापाऱ्याच्या मनाची जी ओढाताण होते ती ध्यानांत घेण्याजोगी आहे. थोडें थांबलें तर आणखी स्वस्त मिळेल, असें लोभ सांगतो. तेवढ्यांत दुसरा कळ दाबील, असें भय सांगतें. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञानें १९६१ सालीं लिलावांवर एक निबंध लिहून असें दाखविलें कीं, उतरत्या बोलीचा लिलाव आणि बंद पाकिटांतून भाव मागविणें हे बाहेरून भिन्न दिसले तरी बोली करणाऱ्याच्या दृष्टीनें एकच आहेत. दोन्हींत दुसऱ्याच्या मनांत काय आहे हें न कळतां आपला आंकडा ठरवावा लागतो. विक्रीला १९९६ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक जाहीर झालें आणि त्यानंतर तीनच दिवसांनीं त्याचें निधन झालें. त्याच्या सिद्धांताचा अर्थ गृहिणीच्या भाषेंत सांगावयाचा तर असा: उतरता भाव म्हणजे नेहमीं स्वस्त भाव नव्हे, ज्याला वस्तूची फार गरज आहे तो उतरत्या लिलावांतहि उंचावरच कळ दाबतो.

व्यापाऱ्यांचा हा खेळ सामान्य गिऱ्हाइकाच्या हातीं दिला तो अमेरिकेंतील बॉस्टन शहरच्या एडवर्ड फाइलीन या दुकानदारानें. १९०९ सालीं त्यानें आपल्या कपड्यांच्या मोठ्या दुकानाच्या तळघरांत एक निराळा विभाग उघडला. तेथें प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर ती विक्रीला कधीं मांडली ती तारीख लिहिलेली असे. विक्रीचे बारा दिवस होऊनहि वस्तु पडून राहिली तर किंमत शेंकडा २५ नें उतरे; अठरा दिवसांनीं निम्मी होई; चोवीस दिवसांनीं एक चतुर्थांश उरे; आणि तीस दिवसांनींहि गिऱ्हाईक न मिळालें तर ती वस्तु धर्मादाय संस्थेला दिली जाई. दहा डॉलरांचा झगा साडेसातांवर, मग पांचांवर, मग अडीचांवर येई, आणि हें सारें कोणत्याहि विक्रेत्याच्या मर्जीवर नसून चिठ्ठीवरील तारखेवर असे. हॉलंडच्या घड्याळाचा कांटा मिनिटांत उतरत होता. हा महिनाभर उतरत असे, एवढाच काय तो भेद.

आरंभीं हा उद्योग तोट्यांत चालला, आणि शहाण्या दुकानदारांनीं फाइलीनला वेड्यांत काढलें. पण हळूहळू बॉस्टनच्या लोकांना त्या तळघराचें वेडच लागलें. कपडे घालून पाहण्यास स्वतंत्र खोल्या नसल्यामुळें बायका भर रस्त्यासारख्या त्या वाटांवरच अंगावरच्या कपड्यांवर झगे चढवून पाहत. कित्येक धूर्त गिऱ्हाइकें मनांत भरलेला कपडा भलत्याच ढिगाखालीं दडवून ठेवीत आणि पुढच्या उतरणीच्या तारखेला येऊन तो शोधीत. कधीं तो सांपडे, कधीं त्यांच्याहून धूर्त असा कोणी तो आधींच घेऊन गेलेला असे. बॉस्टनमधील तें तळघर २००७ सालीं बंद झालें आणि त्या नांवाचीं इतर दुकानेंहि २०११ च्या अखेरीस मिटलीं. तरी जवळजवळ शंभर वर्षें एखादी विक्रीपद्धति टिकणें ही लहान गोष्ट नव्हे. फाइलीनचा आपल्या देशाशींहि एक धागा जुळतो. १९०७ सालीं तो हिंदुस्थानांत येऊन गेला होता. १९०४ च्या कायद्यानें येथें निघालेल्या सहकारी पतपेढ्या पाहून तो प्रभावित झाला, आणि पुढें अमेरिकेंत तशा पतसंस्था निघाव्यात म्हणून त्यानें पुष्कळ द्रव्य व श्रम वेंचले.

हॉलंडची फुलकोबी आणि बॉस्टनचा झगा यांत दोन गोष्टी समान आहेत. एक, दोन्ही माल काळाबरोबर खालावणारे होते. भाजी सुकते आणि कपड्याचा हंगाम किंवा प्रघात सरतो. म्हणून भाव उतरविण्यांत विक्रेत्याचाहि स्वार्थ होता. तो उदार झाला म्हणून भाव उतरत नव्हता. दुसरी, भाव उघड्यावर उतरत होता. कांटा सर्वांना दिसत होता, तारीख सर्वांना वाचतां येत होती. ज्याला थांबावयाचें तो जाणून थांबे, ज्याला घ्यावयाचें तो जाणून घेई. या दोन खुणा ध्यानांत ठेवल्या म्हणजे इंटरनेटवरील उलट्या लिलावाचें पुढील चरित्र समजण्यास सोपें जातें.

शास्त्रीय परिभाषेंत उलटा लिलाव म्हणजे मात्र याहून किंचित् निराळा प्रकार. येथें खरेदीदार एक असतो, विक्रेते अनेक असतात, आणि काम आपल्याला मिळावें म्हणून ते एकमेकांपेक्षां कमी भाव बोलतात. सरकारी कामांच्या निविदा हें त्याचें आपल्या परिचयाचें रूप होय. निविदेचें पाकीट एकदांच फुटतें; इंटरनेटमुळें विक्रेत्यांना दुसऱ्याचा भाव पडद्यावर पाहून आपला भाव तेथल्या तेथें आणखी उतरवितां येऊं लागला. १९९५ सालीं अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें स्थापन झालेल्या फ्रीमार्केट्स या कंपनीनें मोठमोठ्या कारखान्यांसाठीं असे लिलाव चालविले. आपल्याकडे २०१६ सालीं सुरू झालेल्या सरकारी खरेदीच्या ‘जेम’ या इंटरनेटवरील बाजारांतहि उलट्या लिलावाची सोय आहे. सौर विजेच्या बाबतींत तर या रीतीनें मोठा पालट घडविला. फेब्रुवारी २०१७ मध्यें मध्यप्रदेशांतील रीवा येथील प्रकल्पासाठीं पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत राजस्थानांतील भाडला येथें तो २ रुपये ४४ पैशांवर आला. पण हें सारें कोणासाठीं? ज्याची मागणी प्रचंड, ज्याच्या मालाचें वर्णन नेमकें, आणि ज्याच्यासाठीं विक्रेते रात्रंदिवस जागतील अशा बड्या खरेदीदारासाठीं. महिन्याला चार किलो साखर घेणाऱ्या कुटुंबासाठीं कोणता व्यापारी जागत बसणार?

एकट्या ग्राहकालाहि हें बळ देतां येईल, असें अमेरिकेंतील जे वॉकर या उद्योजकानें जाहीर केलें. १९९८ सालच्या एप्रिल महिन्यांत त्याची प्राइसलाइन ही कंपनी इंटरनेटवर सुरू झाली, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें या पद्धतीचें पेटंटहि तिला मिळालें. ‘तुमची किंमत तुम्हीच सांगा’ अशा आशयाचें तिचें ब्रीद होतें. विमानाच्या तिकिटासाठीं ग्राहकानें गांव व तारीख सांगावी, आपण किती देऊं तो आंकडा लिहावा आणि आपल्या क्रेडिट कार्डाचा क्रमांक आधींच देऊन ठेवावा. कोणत्याहि विमान कंपनीला तो आंकडा मान्य झाला तर तिकीट आपोआप खरेदी होई आणि पैसे वळते होत. विमान कोणत्या कंपनीचें, पहाटेचें कीं रात्रीचें, वाटेंत थांबणारें कीं थेट जाणारें, हें पैसे गेल्यावरच कळे. तिकीट परत करण्याची सोय नव्हती.

विमान कंपन्यांनीं हें कां मान्य करावें? कारण विमानाची रिकामी जागा ही फुलकोबीहूनहि नाशवंत आहे. दार बंद होऊन विमान सुटलें कीं तिची किंमत शून्य. ती पडत्या भावानें द्यावी तर जाहीर दराची अब्रू जाते आणि नेहमींचा प्रवासीहि तोच भाव मागूं लागतो. म्हणून स्वस्त द्यावें, पण नांव झांकून द्यावें, अशी ही युक्ति होती. हॉटेलांतील रिकाम्या खोलीलाहि हाच न्याय लागू पडत होता. येथपर्यंत पहिली खूण बरोबर जुळली. दुसरी मात्र जुळली नाहीं. विमान कंपन्यांनीं आपले सवलतीचे दर मध्यस्थाजवळ आधींच देऊन ठेवलेले असत. ग्राहकाला ते दिसत नसत. मध्यस्थाला दोन्ही आंकडे दिसत. दर १५० डॉलर असतां ग्राहकानें २०० लिहिले तर त्याला कोणी म्हणत नसे कीं, बाबा, पन्नास परत घे. तें अंतर मध्यस्थाचें होई. उलट आंकडा फार लहान पडला तर नुसता नकार येई, आणि कांहीं तरी अट बदलल्यावांचून त्याच मागणीवर लगेच दुसरा आंकडा टाकतां येत नसे. नांव लिलावाचें, पण प्रत्यक्षांत ती अंधारांतील घासाघीस होती.

आपल्याकडील जुन्या कापसाच्या व धान्याच्या बाजारांची येथें आठवण होते. तेथें ‘हत्ता’ नांवाची पद्धति होती. अडत्या व खरेदीदार रुमालाखालीं एकमेकांचा हात धरीत आणि बोटें दाबून भाव ठरवीत. ज्याच्या घामाचा माल तो शेतकरी बाजूस उभा राहून रुमालाकडे पाहत राही. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ सालीं तेथील कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, १९३९ सालीं मुंबई इलाख्यानें शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला. आणि अशा प्रयत्नांतून रुमाल दूर होऊन उघडी बोली रूढ होत गेली. झांकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण ज्याची मूठ आहे त्याच्या कामाची. ज्याला मुठींत काय आहे तें कळत नाहीं त्याच्या नव्हे.

प्राइसलाइनचा आरंभींचा डौल मोठा होता. १९९९ सालच्या मार्चअखेर तिचे भाग १६ डॉलरांना विक्रीस आले आणि पहिल्याच दिवशीं ६९ डॉलरांवर गेले. या भरांत वॉकरनें तीच पद्धति वाण्याच्या दुकानांत आणली. नोव्हेंबर १९९९ मध्यें न्यूयॉर्कच्या परिसरांत ‘वेबहाउस क्लब’ सुरू झाला. गृहिणीनें घरीं संगणकावर बसून अमुक डब्याला इतके, तमुक साबणाला इतके, असे आंकडे लिहावे. मान्य झालेल्या वस्तूंचे पैसे तेथेंच द्यावे. आणि मग नेहमींच्या दुकानांत जाऊन त्या वस्तु उचलाव्या. पुढें मोटारीच्या पेट्रोलचाहि त्यांत समावेश झाला. लोकांनीं या सोयीवर उडी घातली. परंतु साबणाची वडी कांहीं विमानाची जागा नव्हे. ती आज विकली न गेली तर उद्यां विकली जाते. तिच्या कारखानदाराला भाव पाडण्याची निकड नव्हती, आणि बहुतेक मोठ्या कारखानदारांनीं तो पाडला नाहीं. मग ग्राहकानें सांगितलेला भाव आणि दुकानांतील भाव यांतील तूट भरणार कोण? क्लबालाच ती आपल्या भांडवलांतून भरावी लागली. जितकीं गिऱ्हाइकें अधिक तितका तोटा अधिक, असा विचित्र व्यापार वर्षभरहि चालला नाहीं. ऑक्टोबर २००० मध्यें क्लब बंद पडला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस प्राइसलाइनचा भागहि दोन डॉलरांच्या खालीं घसरला.

कंपनी मात्र त्यांतून सावरली, आणि ती ज्या रीतीनें सावरली तीच या इतिहासांतील सर्वांत बोलकी घटना होय. विमानाच्या व हॉटेलच्या ग्राहकांनीं कोणत्या आंकड्याला होकार मिळाला हें इंटरनेटवरूनच एकमेकांना कळविण्यास आरंभ केला. रुमालाचें एक टोंक त्यांनीं स्वतःच उचललें. दुसरीकडे कंपनीनें २००५ सालीं युरोपांतील बुकिंग ही हॉटेलनोंदणीची पेढी विकत घेतली. तेथें लिलाव नव्हता. हॉटेलाचें नांव व दर उघड लिहिलेला असे. कालांतरानें या उघड दराच्या व्यवहारानें मूळ लिलावाला इतकें मागें टाकलें कीं, २०१६ सालीं विमानाच्या तिकिटांसाठीं आपली किंमत सांगण्याची सोय बंद झाली आणि २०१८ सालीं साऱ्या कंपनीसमूहानेंच बुकिंगचें नांव धारण केलें. अनेक ठिकाणचे जाहीर दर एका दृष्टिक्षेपांत तोलून पाहतां येऊं लागल्यावर अंधारांत आंकडा फेंकण्याचें ग्राहकाला कारणच उरलें नाहीं.

उलट्या लिलावाच्या नांवाखालीं चालणारा आणखी एक प्रकार आहे, आणि त्याविषयीं सावध केल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. त्यांत एखादी मोटारसायकल पुढें ठेवतात आणि सांगतात कीं, जो सर्वांत लहान आणि दुसऱ्या कोणीहि न सांगितलेला आंकडा सांगेल त्याला ती त्या आंकड्याएवढ्याच पैशांत मिळेल. ऐकणाऱ्याला वाटतें, सत्तर हजारांची गाडी सतरा रुपयांत! पण प्रत्येक आंकडा सांगण्याची फी असते. ती पांच रुपये धरली आणि वीस हजार आंकडे आले, तर लाख रुपये गोळा झाले; गाडीचे सत्तर हजार वजा जातां तीस हजार चालकाच्या पेटींत राहिले. एकाला गाडी मिळाली ती विक्रेत्यानें भाव उतरविला म्हणून नव्हे, तर हरलेल्या साऱ्यांनीं तिची किंमत भरली म्हणून. दुसरे कोणते आंकडे टाकतील हें कोणालाच दिसत नाहीं. म्हणजे येथें मालहि नाशवंत नाहीं आणि भावहि उघडा नाहीं. याला लिलाव म्हणण्यापेक्षां सोडत म्हणणें अधिक प्रामाणिक होईल.

या सव्वाशे वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासाचें सार घरांतील हिशेबाच्या वहींत उतरवून ठेवण्यासारखें आहे. उतरणारा भाव हा कोणाच्या तरी पदरचा असतो. तो पदर नासणाऱ्या मालाच्या धन्याचा असेल तर सौदा दोघांच्याहि हिताचा ठरतो; भांडवलदाराचा असेल तर भांडवल संपेपर्यंत टिकतो; आणि इतर ग्राहकांचा असेल तर आज ना उद्यां आपलीहि पाळी येते. पडद्यावर कांटा उतरतांना दिसला म्हणजे मन उतावीळ होतें, हें हॉलंडच्या मुरलेल्या व्यापाऱ्यांच्याहि अनुभवाचें आहे. अशा वेळीं कळ दाबण्यापूर्वीं तीच वस्तु दुसरीकडे काय भावानें मिळते हें पाहून यावें, आणि आपण जास्तींत जास्त किती देऊं तो आंकडा आधींच कागदावर लिहून ठेवावा. ब्रूक ऑप लांगेडाइकच्या बाकांवर बसणारा व्यापारी घरून निघतांना आपला आंकडा मनांत ठरवूनच निघत असणार. नाहीं तर त्या कांट्यासमोर त्याचा धंदा फार दिवस चालला नसता.